रशियन नायक आणि कोराडीचा संघपाल

एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कवितेवरून आपल्याशी भांडणारा माणूस नागपुरात निघेल, असं रोशनीला वाटलं नव्हतं. विद्यापीठातल्या चर्चासत्रात निबंध वाचताना ती ठासून म्हणाली, "समाज की प्रेम, अशी वेळ आली की यातले नायक गाव सोडून जातात. याला म्हणतात हिंमत!"

"नायक जातो मॅडम," मागच्या बाकावरून आवाज आला, "पण मागं राहिलेल्या पोरीले गाव काय काय ऐकवते, ते कोण लिहिते?"

हा संघपाल. कोराडीहून बसनं येणारा. कॉलरवर तिथल्या वीज केंद्राच्या राखेची पुसट रेघ, आणि डोळ्यांत... जाऊ द्या. रोशनीचा राग चहापर्यंत टिकला. चहा मात्र तिनं त्याच्याच शेजारी बसून घेतला.

हिवाळा सरता सरता भांडणं कमी झाली, चहा वाढले. आणि मग रोशनीच्या बाबांनी तिला न विचारता विणकर समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात तिचं नाव घातलं.

"पळून जाऊ?" ती हसत म्हणाली.

"नाही."

"काहून गा? भेतोस?"

"माझ्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती साऱ्या वस्तीसोबत, दिवसाढवळ्या. अन् मी प्रेम चोरून करू?" त्यानं हळूच तिच्या ओढणीचं टोक सोडवलं, खुर्चीत अडकलेलं. "तू स्टेजवर खरं बोल. मी दारात उभा राहतो."

"अन् मार पडला तर?"

"तर तुझ्या निबंधाले नवा नायक मिळंल."

रविवारी हॉल गच्च होता. नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा – प्रत्येकीनं माइकवर एवढंच सांगायचं. रोशनीनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि...

"माझं जमलं आहे. संघपाल नाव त्याचं. बौद्ध आहे. लग्न त्याच्याशीच करीन."



"मग नाव काहून घातलं वं पोरी?" आयोजक जागेश्वरकाका गोंधळले.

"मी नाही, बाबांनी घातलं!"

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या रांगेतून बाबा उठले. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग दाराकडे. साऱ्या माना वळल्या, तरी तिथला इस्त्रीच्या शर्टातला पोरगा जागचा हलला नव्हता. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले.

"जागेश्वरभाऊ," ते शेवटी म्हणाले, "पुढच्या पोरीले बोलवा. आमच्या पोरीचं जमलं."

स्टेजच्या पायऱ्या उतरताना रोशनीला आठवलं, की श्वासही घ्यायचा असतो. बाबा शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलत पुटपुटत होते, "अन् त्याले म्हण, उभा काहून आहेस? ये, बस."