तीन ठोके राहिले

मी उत्तरेश्वर. धारूर तालुक्यात डोंगराच्या कडेला आमचं गाव आहे. नाव सांगणार नाही. उगाच बघायला माणसं येतात.

हे माझ्यावर बेतलेलं आहे, ऐकीव नाही. आणि रात्रीचं तर अजिबात नाही. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात भर दुपारी आमच्या विहिरीवर एकट्यानं बसून दाखवावं. मग बोलू.

११ मे २०१६. बुधवार.

आधी गाडीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या दूध संस्थेची जुनी डिझेल पिकअप होती. हातानं गिअर टाकायची, कसलं कॉम्प्युटर वगैरे नसलेली. दुष्काळात दूध आटलं की गाडी रिकामी पडायची. मग चेअरमन मोहनरावांनी ती गावची विहीर खोल करायच्या कामाला दिली. खोल विहिरीत तळाला हवा राहत नाही, माणूस गुदमरतो. म्हणून इंजिनला पट्टा लावून ब्लोअर फिरवायचा आणि लोखंडी पाइपातून साठ फूट खाली हवा सोडायची.

पण गाडी नुसती चालू ठेवून भागत नाही. स्लोवर इंजिन भुकभुक करतं, हवा निम्म्यातच राहते. रेस धरून ठेवावी लागते. तासन् तास.

पेडलवर दगड ठेवून बघितला, हादऱ्यानं घसरला. स्लोचा स्क्रू आवळून बघितला, तर गाडी रस्त्यावर ब्रेकलाही दबेना.

शेवटी राहिला माणसाचा पाय.

२०१३ च्या दुष्काळात तो पाय शहादेवभाऊचा होता. संस्थेचा ड्रायव्हर. तो वर केबिनमध्ये, मी खाली खडकात. एकमेकांना दिसायचो नाही. म्हणून आमचं ठरलेलं होतं. तो मधूनच दोनदा रेस मारायचा.

झूं… झूं…

म्हणजे, "खाली हायस का?"

मी हातोडीनं पाइपावर दोन ठोके द्यायचो. म्हणजे, "हाय. धरून ठेव."

आणि वर आलो की पाइपाच्या तोंडावर तीन ठोके. म्हणजे सुट्टी, काढ पाय. तीन ठोक्यांशिवाय तो पाय काढायचा नाही. लई हट्टी माणूस.

त्याच उन्हाळ्यात एक दिवस त्याची बायको सरूबाई भाकरीचं गठुडं देऊन गेली. जाताना मला म्हणाली, "भावजी, ह्यांला शुगर हाय. दोनला जेवायला सोडत जावा."

मी हो म्हणालो.

दोन वाजता वरून झूं… झूं… आलं. मला तेव्हाच खडकात पाझर लागला होता. म्हटलं अजून थोडं. दोन ठोके दिले.

अडीचला परत आलं. परत दोन दिले.

तीनला परत.

चारला वर आलो आणि तीन ठोके दिले. रेस खाली येईना.

"शहादेवभाऊ, ऐकू येईना का बे?" असं म्हणत मी केबिनपाशी गेलो. पाय पेडलवर होता. डोळे उघडे होते. गठुड्याची गाठ तशीच.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. दोनच्या आसपास गेलाय.

मग अडीचला रेस कुणी मारली? मी ते कुणालाच विचारलं नाही. विचारायचं तोंडच नव्हतं मला.

त्यानंतर वडवणीच्या पंडित मिस्त्रीनं गाडीला हातरेस बसवली. स्टिअरिंगखाली एक नॉब, त्याला वायर. ओढला की रेस जागच्या जागी थांबते. माणूस बसायची गरजच नाही. मोहनराव म्हणाले, आता कुणाचा जीव जायचा नाही.

आता २०१६ चं.

विहीर परत कोरडी. मी खाली, वर सिदू. नवा पोरगेला ड्रायव्हर, नुकतं लग्न झालेला. हातरेस ओढून तो यारीवर उभा होता. यारी म्हणजे दगड वर ओढायचं मशीन.

दीड वाजला असेल. माथ्यावर कर्रर्र झालं आणि मुरमाची बाजू खाली आली.

मी खडकाच्या खोबणीत घुसलो म्हणून वाचलो. पण समोर सगळं बुजलं. काळोख. उकिडवा बसलो तर डोकं वर लागायचं, पाय सरळ होत नव्हते. पाइपाचं खालचं तोंड तेवढं माझ्या मांडीपाशी आलेलं होतं, आणि त्यातून हवा येत होती.

वरून सिदूचा आवाज अगदी बारीक आला. "दादा, मानसं आनतो… गाडी चालूच हाय…"

गाव दोन किलोमीटर. फोनला रेंज नाही. मी तोंड पाइपाला लावून बसलो. हवा आहे तोवर आपण आहोत, एवढंच डोक्यात.

थोड्या वेळानं वर काहीतरी तुटलं.

टण्…

आणि रेस पडली.

भुक… भुक… भुक…

हवा थांबली. मी पाइप चोखला अक्षरशः. डिझेलचा वास तेवढा आला. छाती भरून आली, कानात शिट्टी वाजायला लागली. पोरीचं तोंड डोळ्यापुढं आलं. खरं सांगतो, मी रडलो.

मग… हळूच…

रेस वाढली.

हवा आली. सिदू आला असं मला वाटलं. पण ही रेस वायरची नव्हती. वायरची रेस एकसारखी असते. ही जराशी खाली जायची, परत वर यायची. पाय अवघडल्यावर जाते तशी.

आणि मग…

झूं… झूं…

सिदूला ही खूण माहीतच नव्हती. मी ती कुणालाच सांगितलेली नव्हती.

मी काय करायला पाहिजे होतं? गप्प बसलो आणि रेस सुटली तर? हातोडी मातीत गेलेली. मी दगड उचलला आणि दोन ठोके दिले.

हाय. धरून ठेव.

अर्ध्या तासानं परत. मी परत दोन दिले. असं तीनदा झालं. मग मला शुद्ध राहिली नाही.

पाच वाजता मला बाहेर काढलं. बाजेवर घालून थेट दवाखान्यात नेलं. तीन ठोके कोण देणार?

तिसऱ्या दिवशी सिदू भेटायला आला. खालीच बघत होता.

"दादा, वायर तुटलेली व्हती. मी आलो तवा गाडीत कुनीच न्हवतं. पेडल दाबलेलं. गाडी बंद केली तरी ते वर येईना. अजून तसंच हाय. कावून आसंल?"

मी सलाईन काढायला लावलं आणि तसाच विहिरीवर गेलो. पाइपाच्या तोंडावर तीन ठोके दिले. खणखणीत.

पेडल हललं नाही.

पंडित मिस्त्रीनं सगळं खोलून बघितलं. स्प्रिंग चांगली होती, कुठं काही अडकलेलं नव्हतं.

संस्थेनं गाडी भंगारात घातली. सप्टेंबरात पाऊस लागला आणि विहीर काठोकाठ भरली. पाइप खाली गेला तो गेलाच.

शेवटी मी सरूबाईकडं गेलो. दोनला जेवायला सोडलं नाही, तिथपासून सगळं सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं पाखडायचं सूप बाजूला ठेवलं.

"तीन ठोके दिले न्हाई का?"

"दिले, वहिनी. दोन्ही बारीला दिले."

तिनं सूप परत जवळ ओढलं.

"मग त्यांला ते ऐकूच गेले नसतील," ती म्हणाली. "त्यांला वाटत आसंल, तुमी अजून खालीच हाव."

मी आता घराच्या ओसरीवर बसून हे लिहितोय. दारं उघडी आहेत, डोक्यावर पंखा आहे. तरी दोन वाजले की मला हवा कमी पडते. आणि गावात कुठं गाडी चालू नसली तरी येतो तो आवाज…

झूं… झूं…

बायको म्हणते, तीन द्या आणि मोकळे व्हा. ओसरीचा खांब लोखंडी आहे, वरवंटा हाताशी आहे. रोज उचलतो.

पण समजा त्यानं ऐकलं. समजा रेस सुटली. आणि मी खरंच अजून खालीच असलो तर?

म्हणून मी दोनच देतो.