पाय नसलेला प्रवासी

ताप नाही, खोकला नाही, कानात बिल्ला, पशुवैद्यांचा दाखला, रक्ताची तपासणीसुद्धा झालेली. मग अशी ठणठणीत डुकरीण गोव्यात पोचल्यावर तीस दिवस एकटीच कशाला ठेवायची? दहा वर्षांच्या रोझालिनला हे कोडं काही केल्या सुटेना.

फिलूमावशीचा टेंपो राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर उभा होता. मागे गुलाबो डुकरीण खुशाल घोरत होती. ती निघाली होती गोव्यातल्या सेबीमामाकडे. गेल्या वर्षी रोग आला आणि मामाची बावीसच्या बावीस डुकरं गेली. रिकाम्या गोठ्यासमोर बसून मामा ढसाढसा रडला होता. आता कुठे धीर करून त्याने सहा पिल्लं आणली होती.

नाक्यावर पारखी नावाचा यंत्रमानव होता. उंची रोझालिनएवढी, बोलणं मात्र थेट हेडमास्तरांचं. त्याने दाखला वाचला, बिल्ल्याचा क्रमांक जुळवला आणि म्हणाला, "सगळं चोख आहे. पोचल्यावर तीस दिवस विलगीकरण (नव्या जनावराला इतरांपासून दूर ठेवणं)."

"पण माझी गुलाबो आजारी नाहीच मुळी!" रोझालिन फणकारली.

"आजारी दिसत नाही, एवढंच आपल्याला म्हणता येतं. ये, तुला एक प्रवासी दाखवतो."

पारखीच्या छातीतून प्रकाश निघाला आणि हवेत कलिंगडाएवढा गोळा तरंगू लागला. त्याला कितीतरी कोन होते आणि आत एकावर एक थर. रोझालिन आ वासून बघतच राहिली.

"हा विषाणू (जिवंत पेशीत शिरूनच वाढणारा रोगाचा सूक्ष्म कण). आफ्रिकन स्वाइन फीवरचा. माणसाला हा काही करत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो. असे चारशे शेजारी शेजारी बसवलेस, तर तुझ्या एका केसाची जाडी भरेल. याला पाय नाहीत, पंख नाहीत. तरी हा समुद्र ओलांडून आला."

"कसा?"

"तुमच्या पायांनी. गाडीच्या चाकांवरून, बुटांच्या चिखलातून, डुकराच्या मांसातून. सुकवलेल्या मांसात तर हा महिनोन्महिने टिकतो. डुकराच्या पोटात गेला, तरी पहिले काही दिवस ताप येत नाही, रक्तातही सापडेलच असं नाही. हा सुप्तकाळ (रोग शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) कधी कधी तीन आठवड्यांपर्यंत लांबतो. दाखला काल काय होतं ते सांगतो. उद्याचं कळायला वाट पाहावी लागते."

एवढासा कण आणि केवढी त्याची चाल! रोझालिनच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग तिला आपला डबा आठवला.

डब्यात पाव आणि बाजारातलं चोरीस (डुकराच्या मांसाचं सुकवलेलं सॉसेज) होतं. जनावर सोबत असलं की शेवटचा घास त्याचा, ही त्यांच्या घरची रीत. सकाळी वाटेत जेवताना तिने तो घास गुलाबोला भरवला होता.

फाटक वर गेलं. मावशीने टेंपो चालू केला. डब्याबद्दल कुणीच विचारलं नव्हतं. गप्प बसली असती तर चाललं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती सहा पिल्लं आली.

"मावशी, थांब! मी गुलाबोक चोरीस दिलंय."

"अगो देवा!" मावशीने कपाळाला हात लावला. "आता सेबीक काय सांगू?"

"खरा ताच सांग," रोझालिन म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

पारखीने फाटक पुन्हा खाली घेतलं. "माझ्या यादीत हा प्रश्नच नव्हता," तो हळूच म्हणाला.

गुलाबो मामाकडे न जाता नाक्यामागच्या विलगीकरण गोठ्यात राहिली. रोझालिन घरी भिंतीवर रोज एक रेघ मारायची. आठव्या दिवशी गुलाबोने अर्धं खाणं टाकलं, तेव्हा रोझालिनलाही जेवण गेलं नाही. पण ते नुसतं अपचन निघालं! महिन्याभरात झालेल्या तिन्ही तपासण्या स्वच्छ आल्या आणि एकतिसाव्या दिवशी मामा स्वतः न्यायला आला; मावशी आणि रोझालिनही टेंपो घेऊन नाक्यावर आल्या होत्या. त्याने आधी भाचीला जवळ घेतलं, मग गुलाबोची पाठ थोपटली.

टेंपोत चढताना रोझालिनच्या कानावर पारखीचा आवाज पडला. मागच्या गाडीवाल्याला तो विचारत होता, "वाटेत जनावराला तुमच्या डब्यातला घास भरवलात का?"

"हा प्रश्न तुझ्या यादीत कधी आला?" तिने ओरडून विचारलं.

"तू रडलीस त्याच दिवशी. आता देशातल्या प्रत्येक नाक्यावर विचारतात."