भिंतीला पाठ लावलेली व्हॅन

व्हॅनमागचा ट्रेलर गिरणीच्या इंजिनासकट नाहीसा झाला आणि रस्त्याकडेच्या खाणावळीचा पहारेकरी कोठडीत गेला.

व्हॅनची मालकीण आक्का. तिचं तेवढ्याने समाधान नव्हतं. तिला माल हवा होता. तिने तपासनीस बाईंना बोलावलं आणि स्वतःही त्यांच्या मागे निघाली. नवऱ्यामागे तिने मोठमोठ्या व्हॅन उभ्या केल्या होत्या. आत माणसं, मागे ओझं, आणि आजवर एक खिळा वाटेत पडला नाही, हे ती भेटेल त्याला ऐकवायची.

"चोर सापडलाय. माल तेवढा शोधा."

"माल सापडला की चोराचंही बघू," बाई म्हणाल्या.

खाणावळीच्या फाटकाशी पहारेकऱ्याची बायको बसली होती. "त्यांनी कडीलासुद्धा हात लावला नाही हो. उद्या कोर्टात उभं करतायत त्यांना."

"चोराची बायको नवऱ्याला चोर म्हणेल होय?" आक्काने तोंड फिरवलं.

व्हॅन अंगणाच्या मधोमध उभी होती. ती चालवणारा आक्काचा धाकटा बाजूला नखं खात होता.

"ट्रेलर जोडूनच आलो मी," तो म्हणाला. "जेवून बाहेर येतो तर मागे काही नाही. पहारेकरी हुकाशी घुटमळत होता."

"गाडी हलवलीत?"

"थोडी पुढे घेतली. वाटेत होती."

बाई मागे वाकल्या. ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग व्हॅनच्या सॉकेटात तसाच होता. वायर मात्र तुटून लोंबत होती. जादा साखळी अडकवायच्या कडीवर जुन्या धुळीचा अख्खा थर.

"घाईत हिसकला असेल मेल्याने," आक्का म्हणाली.

"असेल."

ओसरीवर उतारू ताटकळले होते. त्यातली एक शिंपीण आक्काला पाहून खुलली. "तुमचा मुलगा का? काय हात आहे हो! आल्या आल्या एका दमात गाडीची पाठ भिंतीला लावली. मधे माझी पिशवी मावली नसती."

"मीच शिकवलंय," आक्का फुलून म्हणाली.

मागच्या बाकावरच्या गवंड्याला ट्रेलर दिसलाच नव्हता. "काचेपर्यंत बोचकी रचलेली. घाटातल्या वळणावर दणका बसला, ड्रायव्हर उतरला. दगड आडवा आला म्हणाला, पण तोंड पांढरंफटक. पुढे मात्र चढाला गाडी अशी पळाली, जणू बैलाच्या मानेवरचं जू काढलं."

बाईंनी मायलेकरांना व्हॅनमध्ये बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"आक्का, मागे ट्रेलर असला की गाडी कशी लावता?"

"रस्त्याच्या कडेने, लांबट. वळवायची कुठे एवढी शेपटी?"

"आणि नसला की?"

"पाठ भिंतीला, तोंड रस्त्याला. मागचं दार कुणाला उघडता येऊ नये. पोरांच्या हाडात मुरलंय ते—"

आक्का थांबली. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो पायांकडे बघत होता.

"ट्रेलर इथवर आलाच नाही," बाई म्हणाल्या. "तो मागे असता तर गाडी भिंतीला टेकली नसती. चोराने सोडवला असता तर आधी प्लग काढला असता. वायर तुटली ती ओझं धावत्या गाडीमागून निसटलं म्हणून. साखळी त्याला धरून ठेवती, पण कडीवरची धूळ सांगते, ती लावलीच नव्हती. दणका कुठे बसला ते गवंड्याने सांगितलं. इंजिन त्या वळणाखाली आहे. इथे आल्यावर यांनी सवयीने गाडी लावली, मग चूक ध्यानात आली आणि पुढे घेतली."

"निघताना तू फोनवर ओरडत होतीस, आई," धाकटा पुटपुटला. "साखळी राहिली. मग तुला सांगायची छाती होईना."

"आणि परक्याला तुरुंगात घालायची झाली?"

"तुझ्यापेक्षा पोलीस सोपे वाटले."

आपल्या तोंडापुढे कुणी टिकत नाही, याचा आक्काला आजवर अभिमान होता. तिने व्हॅनचं दार ढकललं.

"आधी ठाण्यात," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाने सांगायचं. माल नंतर."

पुढची सीट आक्काची. तिथे दुसरं कुणी बसत नसे. खाली उतरून तिने तिथलं दार फाटकाशी बसलेल्या बाईसाठी उघडून धरलं. "चल बाई. तुझ्या माणसाला घेऊन येऊ."

पहारेकऱ्याची बायको उठली. उघड्या दारावरून पुढे गेली आणि सगळ्यात मागच्या बाकावर एकटी जाऊन बसली.

आक्काच्या जिभेवर चार शब्द आले. ते गिळून तिने हलकेच दार लावलं.