लांबची लेन्स

रफूवाल्या मावशी ऑपरेशननंतर आठव्या दिवशी डोळा दाखवायला निघाल्या, त्या धुसफुसतच. मोतीबिंदू काढून आत लेन्स कोणती बसवायची, जवळचं स्वच्छ दाखवणारी की लांबचं, हे डॉक्टरांनी विचारलं ते मुलाला! आणि त्या दीडशहाण्यानं ठोकून दिलं, "लांबची." चाळीस वर्षं लोकांच्या कोटांची भोकं दोरा दोरा विणून जिनं घर चालवलं, तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

"आई, आता कशाला बोटं टोचून घेतेस?" मुलगा म्हणाला होता. "महिन्याभरानं जवळचा चष्मा मिळेलच."

"डोळा माझा की तुझा रे?"

दवाखान्यात बाकावर शेजारी एक बाई बसली होती. मावशींना तिची प्रत्येक सुरकुती दिसली, हनुवटीवरचा केससुद्धा. बाक मात्र धूसर होता, आणि तिच्या हातातला कागदही. लांबच्या लेन्सनं जवळचं दाखवून डॉक्टरांचं नाक कापलं म्हणून मावशी खूश झाल्या, आणि आत गेल्या गेल्या त्यांनी ते सांगूनही टाकलं.

"शक्यच नाही," डॉक्टर हसले. "हातभर अंतरावरचं धूसरच दिसणार. जे लांब आहे, तेच स्वच्छ दिसेल."

मावशी बाहेर आल्या तेव्हा बाक रिकामा होता. ती बाई पायऱ्या उतरताना कोसळली ती उठलीच नाही, असं सिस्टर म्हणाली.

चार दिवसांनी धाकटे दीर भेटायला आले. ते गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. हातातला कप धुक्यात होता, पण मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. मावशींना बाकावरची ती बाई आठवली.

"भाऊजी... आज नका ना जाऊ..."

"वहिनी, डोळ्याबरोबर काळीजपण बदललं की काय तुमचं?" ते हसत निघाले. घरी पोचलेच नाहीत.

तेव्हा मावशींना उमगलं. माणूस शेजारी बसलेलं असतं, पण आतून कधीच लांब निघून गेलेलं असतं. आणि हे बघायची शिक्षा त्यांना का? त्यांनी मागितलं होतं काय, तर सुईचं नाक दिसावं, एवढंच!

त्यानंतर मुलगा डोळ्यात थेंब घालायला वाकला, की त्या श्वास रोखून त्याच्याकडे बघायच्या.

"दिसतोय का मी?"

"नाही दिसत, गाढवा. असाच धूसर राहा."

एका दुपारी थेंब घालून झाले. मुलाचा चेहरा धूसर होता. मावशींनी सुस्कारा सोडला, मांडीवरचा, ऑपरेशनआधी अर्धाच रफू झालेला कोट चाचपला आणि खाली पाहिलं. कोट धुक्यात होता. त्यावर ठेवलेले त्यांचे दोन्ही हात मात्र शिरांसकट दिसत होते, तर्जनीवरच्या सुईच्या खुणांसकट.

"हात दिसतायत..." त्या पुटपुटल्या.

"बघ! बसली की नाही लेन्स?" मुलगा हरखला.

मावशींना आधी संतापच आला. हात दाखवायचे आणि काम दाखवायचं नाही, हा कुठला न्याय? मग वाटलं, असू दे. मी तर मी, पोरगा तर सुटला. आणि अर्धवट रफू टाकून जायला त्या काही कामचुकार नव्हत्या. चाळीस वर्षांच्या बोटांना डोळे लागत नाहीत.

"सुई ओवून दे," त्या म्हणाल्या. "लवकर."

त्यानं सुई ओवून पुढे केली. मावशींना सुई दिसली नाही, दोराही नाही. सुई धरलेली त्याची बोटं मात्र नखांसकट लख्ख दिसत होती.