पिल्लांसमोर बोलायचं नाही

क्रौंचाच्या पिल्लांना माणसाचा चेहरा दिसता कामा नये, आवाज तर नाहीच नाही, असा त्या पक्षी-संगोपन केंद्राचा नियम. एकदा माणसाचा लळा लागला की पिल्लू आपल्या जातीत परत जात नाही. म्हणून स्वयंसेवक डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालत, तोंडावर जाळी, हातात पक्ष्याच्या डोक्याचा मोजा. त्याच्या चोचीनं खाऊ भरवायचा. झगे गावातल्या बायका शिवत. तेवढाच त्यांना रोजगार.

"आमची बबडी परदेशात पक्ष्यांची आई झालीये, घरच्या आईला विसरली," असं बबडीची आई थट्टेनं सांगायची. मग फोन बंद झाले, थट्टाही आटली. शेवटी आईच समुद्र ओलांडून आली.

"ती वरच्या गावांत गेलीये हो, विहिरीच्या कामाला. तिकडे फोन लागत नाही. निरोप धाडलाय," केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझी पोर न सांगता जायची नाही."

"तोवर पिल्लांना भरवा. हात रिकामे राहिले की मन खातं."

दुपारी झगा, जाळी आणि चोचीचा मोजा चढवून ती दलदलीत उतरली. जाळीतून सगळं चाळणीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. कानात फक्त स्वतःचा श्वास. लव्हाळ्यांपाशी आणखी एक पांढरा झगा चालत होता. डावा पाय किंचित फेकत. बबडीसारखा.

तिनं मागे पाहिलं. बाकीचे झगे शेडमध्ये खिळ्यांना टांगलेले. डॉक्टरीणबाई फाटकाशी.

"बबडे!"

पिल्लं दचकली. झगा थांबला.

ती चिखल तुडवत पोचली. झग्यानं हात पुढे केला. मोज्यातली बोटं उबदार होती.

"चल गं घरी. बाबा धड जेवत नाहीत. रागावली असशील तर भांड, पण बोल."

झगा तिचा हात धरून लव्हाळ्यांकडे निघाला. तीही निघाली.

"आई!"

हाक मागून आली. फाटकाशी बबडी उभी होती. उन्हानं रापलेली, पाठीवर पिशवी.

आईनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. ती हात सोडवू लागली, तशी ती बोटं घट्ट झाली. रस्ता ओलांडताना लहान मूल धरतं तशी.

"कुठाय आई?" बबडीनं विचारलं.

"आत्ता इथेच होत्या गं." डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर हात धरून दलदलीकडे पाहिलं. "तिथे नुसती पिल्लंच दिसतायत."

आईनं मोकळा हात उंच केला आणि जिवाच्या आकांतानं हलवला.

पिल्लांनी माना वर केल्या. हलणाऱ्या चोचीकडे बघत, खाऊच्या आशेनं, ती एकेक करून तिच्या मागे चालू लागली.