दुपारची निजानीज

पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेला तरुण रिकाम्या टेबलावर डोकं टेकून झोपला आणि पेइयुनला वाटलं, मात्सूदेवी पावली.

तिला झोपलेलं एक माणूस हवंच होतं. तैवानच्या ताइचुंग शहरातल्या त्यांच्या विमा कचेरीत जेवणं झाली की दिवे मालवायचे आणि सगळे आपापली उशी काढून टेबलावर आडवे. साहेब सर्वांत मोठ्याने घोरायचे. पदाला ते शोभायचंही. जागी एकटी पेइयुन. तिच्या लाडक्या चित्रकार शिएबाई शाईने फक्त झोपलेली माणसं काढत. का, तर झोपेत कुणी चांगलं दिसायचा प्रयत्न करत नाही. त्यांच्यासारखं काढायचं म्हणून पेइयुनने अख्खी कचेरी एका लांबलचक कागदावर निजवली होती. नव्या चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी चित्रं बाई स्वतः निवडणार होत्या. कागदाच्या टोकाला एक जागा उरली होती. आणि पेइयुनच्या डोळ्यांखाली, शाई न लावताच, छान छटा उतरल्या होत्या.

त्या दिवशी त्या जागेत त्याचा कान काढून झाला आणि दिवे लागले.

मशीन पुन्हा बिघडलं. मग पुन्हा. तो यायचा, झोपायचा. पण चेहरा काही जमेना. कच्च्या कागदावर तो दर वेळी फारच देखणा यायचा.

चित्र द्यायच्या आदल्या दुपारी बाहेर पाऊस रिपरिपत होता. ती वाकली... त्याच्या पापण्या हलल्या.

"तुम्ही जागे आहात?"

"...नाही."

"झोपलेला माणूस उत्तर देतो?"

"मी झोपेत बडबडतो." मग त्याने एक डोळा उघडला. "पहिल्या दिवशी खरंच झोपलो होतो, शप्पथ. नंतर... चित्र काढताना तुमची जीभ बाहेर येते. ती बघायला डोळा थोडा उघडा लागतो."

"आणि मशीन?"

"जाताना एक स्क्रू सैल करतो."

"अहो, सगळी कचेरी कोमट चहा पितेय! आणि माझं चित्र खोटं!"

"कान खरा आहे," तो म्हणाला. "तो पहिल्या दिवसाचा."

रागवायचं तर अंगात बळ हवं. तिने दोन मिनिटांसाठी टेबलावर डोकं टेकलं.

दिवे लागले तेव्हा गालावर बाहीच्या चुण्या उमटल्या होत्या. आणि कागदावर, त्या कानाला टेकून, अळूच्या कांद्यासारखं काहीतरी घोरत होतं.

"हे काय आहे?"

"तुम्ही. खरंच झोपला होतात, मी खात्री केली. साहेब दोनदा दचकून उठले."

शाई पुसता येत नाही. पेइयुन बराच वेळ बघत राहिली. तोंड उघडं, केस विस्कटलेले, चांगलं दिसायचा जराही प्रयत्न नाही. सगळ्या कागदावर एवढं गाढ कुणीच झोपलं नव्हतं.

"नाव काय तुझं?"

"थिंगवेइ."

तिने खाली दोघांची नावं घातली आणि कागद गुंडाळला.

"स्क्रू घट्ट कर आधी."

"मग उद्या येऊ कशाला?"

"झोपायला," ती जांभई देत म्हणाली. "उशी तुझी तू आण."