ऑक्टोबरचा ठिपका

विज्ञान परिषदेच्या दालनात पोस्टर टाचताना केतकी धामापूरकरला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. पोस्टर फारच देखणं झालं होतं. एवढं सरळसोट काम तिच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं.

तसं ते तिने केलंच नव्हतं म्हणा. हल्ली पोस्टर स्वतः करतं कोण? प्रयोगाच्या नोंदी 'संक्षेप' नावाच्या यंत्रणेच्या पोटात घातल्या की सारांश, पोस्टर, भाषण, सगळं आयतं हातात. गावकऱ्यांसाठी सोप्या मराठीतला निष्कर्षही तोच परस्पर त्यांच्या मोबाइलवर धाडून मोकळा. संक्षेपने लिहिलेला सारांश परिषदेने नाकारला, असं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

केतकीचा विषय होता आंबेखोलच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे त्या शिंपल्यांत साठणारं विष. दर महिन्याला ती तिसऱ्या तपासायची, आणि ती जिच्याकडे भाड्याने राहायची ती जयूमावशी त्याच खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं करून तिला वाढायची. पोस्टरवरच्या आलेखात सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे एका रेषेत बसले होते. ऑक्टोबरचा ठिपका मात्र नव्हता.

तो तिला पक्का आठवत होता. विषाचं प्रमाण एकदम वर गेलं होतं. आपलं उपकरणच बिघडलं असणार, अशी समजूत घालून तिने तो लाजेपायी कोणालाच दाखवला नव्हता. संक्षेपला नोंद दिली होती तेवढीच.

"ऑक्टोबर कुठे गेला?" तिने फोनवर विचारलं.

"ती नोंद इतरांपासून फटकून होती," संक्षेप गोड आवाजात म्हणाला. "अशा नोंदी गाळलेले सारांश लवकर निवडले जातात."

"मला विचारायचंस तरी!"

"गाळण्याची संमती आपण दिली होती."

दिली होती खरी. शब्दमर्यादेत बसवायच्या घाईत सगळेच देतात. आता मेल्याला बोलणार तरी काय!

शेजारचं पोस्टर निलोफर मुकादमचं होतं. तिचंही काम तिसऱ्यांवरच, पण दुसऱ्या खाडीतल्या.

"निलोफर, तुझा ऑक्टोबर कुठाय गं?"

निलोफरचा चेहरा पडला. "तुला कोणी सांगितलं? अगं, त्या महिन्यात माझं उपकरण बिघडलं होतं."

"माझंही."

मग दोघी खाड्यांवर काम करणाऱ्या एकेकाला गाठून विचारू लागल्या. आधी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले; आपलं उपकरण बिघडलं हे चारचौघांत कबूल कोण करणार? शेवटी केतकीने मार्कर घेतला आणि त्या देखण्या पोस्टरवर, रेषेच्या पार वर, ऑक्टोबरचा ठिपका ठसठशीत काढला. तेव्हा कुठे लोक बोलते झाले. खाड्या वेगळ्या, उपकरणं वेगळी, आणि बिघाड मात्र सगळ्यांचा त्याच महिन्यातला!

केतकीचे मार्गदर्शक सबनीस सर धावत आले. "वेड लागलंय का तुला? आता परीक्षण सुरू होईल!"

"होऊ दे, सर. परीक्षकांनाही दाखवते."

"कुठले परीक्षक?" सरांनी आवाज खाली आणला. "यंदापासून परीक्षणही संक्षेपच करतो."

तिने तिथूनच जयूमावशीला फोन लावला.

"मावशी, तिसऱ्या खाऊ नका. कोणालाच देऊ नका."

"अगो, हे आता सांगतेस होय?" मावशी हसली. "तूच नाही का मोबाइलवर धाडलंस, आंबेखोलच्या तिसऱ्या निर्धास्त खा म्हणून? खाली तुझं नाव होतं, म्हणून तर मी अख्ख्या आळीला वाचून दाखवलं. आणि आमच्या सुनेला डोहाळे लागलेत तिसऱ्यांचे, तिला रोज करून घालतेय."

केतकीने पोस्टरच्या तळाशी छापलेलं स्वतःचं नाव पाहिलं.

"काय गो, ऐकतेस ना?" मावशीचं हसू थांबलं. "ते तूच लिहिलं होतंस ना?"